पाइपवरचे पाच ठोके

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी तिथे होतो, आणि हातोडी माझ्याच हातात होती.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार. दुपारचे तीन. वेस्ट व्हर्जिनियातलं कोल्टर्स रन, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीवरचं लाकडी चर्च.

आमची चौकडी. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. अमेरिका म्हणजे नक्की कोण, या विषयावर चार रचनांची रेकॉर्ड करत होतो. उत्तर आम्हाला माहीत नव्हतं, पण चर्चचा हॉल तीनच दिवसांसाठी मिळाला होता.

शेवटची रचना खाणीवरची. १९१३ साली इथे छत कोसळलं, एकतीस माणसं खाली राहिली. रचनेत शेवटाआधी लाकडावर पाच ठोके, मग पूर्ण एक मिनिट शांतता, मग पहिल्या व्हायोलिनची एकट्याची ओळ.

ती ओळ वेंडेलची. माझे गुरू, वय एकसष्ट. डाव्या हाताची करंगळी आत वळायला लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, हा हिवाळा शेवटचा.

ठोके चेलोवर मारायचे होते. चेलोवाली आयोनी म्हणाली, "दोनशे वर्षांच्या म्हातारीला मी ठोकणार नाही. स्वतःचं डोकं वापरा, तेही लाकडीच आहे."

मग व्हायोलावाल्या हायरमला कोपऱ्यात जमिनीतून वर आलेला एक जुना लोखंडी पाइप सापडला. वाजवला. सुंदर वाजला. काम मला मिळालं, कारण माझ्या दुसऱ्या व्हायोलिनला त्या पानावर काहीच नव्हतं.

मी पाच ठोके मारले.

शांतता.

दहा सेकंद... वीस... चाळीस...

टक. टक. टक. टक. टक.

"कोण पाय आपटतंय?" मार्गो ओरडली. ती रेकॉर्डिंग करणारी, मागच्या खोलीत बसलेली.

आम्ही सगळ्यांनी हायरमकडे पाहिलं. व्हायोलावाल्यांना याची सवय असते.

"मी नाही!"

"बूट काढा सगळ्यांनी," मार्गो म्हणाली.

हीटर आवाज करतो म्हणून सकाळपासून बंद होता. आम्ही मोजे घालून बसलो. चार सुशिक्षित माणसं, आठ गार पाय.

पुन्हा वाजवलं.

पुन्हा... पाच.

"पाइप गार होताना आकसतोय," मार्गो म्हणाली.

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. दर वेळी वेंडेल ती ओळ वाजवायचे आणि दर वेळी ठोक्यांमुळे ती वाया जायची. चौथ्यानंतर त्यांनी करंगळी दुसऱ्या हाताने धरून सरळ केली.

"अजून एकदाच जमेल मला," ते म्हणाले. "फक्त एकदा."

तेवढ्यात चर्च सांभाळणाऱ्या व्हर्लीबाई आल्या. हातात घेवड्याच्या कालवणाचं भांडं आणि मक्याचा पाव. माझ्या हातातली हातोडी पाहून त्या दारातच थांबल्या.

"कशावर ठोकलंस रे पोरा?"

मी पाइप दाखवला.

"हा खाली जातो," त्या म्हणाल्या. "खाणीत हवा सोडायचा. खाली माणसं अडकली की वरून पाच ठोकायचे, मग सगळ्या गावाने गप्प बसायचं. पोरांची तोंडंसुद्धा दाबायचे. खालून उत्तर आलं की परत ठोकायचं. म्हणजे त्यांना कळतं, वर कोणी आहे."

"मग १९१३ साली?" मी विचारलं.

"दोन दिवस उत्तर येत होतं. तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस म्हणाला, पाइप गार होताना आकसतोय. सगळे घरी गेले."



"आज तुम्हाला त्यांनी उत्तर दिलंय ना?" व्हर्लीबाई म्हणाल्या. "मग ठोक परत."

मी हातोडी उचलली.

"नको," वेंडेल म्हणाले. "आधी माझी ओळ होऊ दे. हात जोडतो, एमेट. नंतर हवं तेवढं ठोक."

मी ऐकलं त्यांचं.

शेवटचा प्रयत्न. रचनेतले पाच ठोके. शांतता.

पंधरा सेकंदांनी आलं.

पाच नव्हते. घाईघाईने, कोणी तळहात आपटावा तसे... वीस... तीस... मग विरळ... मग दोन...

वेंडेल माझ्याकडे बघत होते. मी हातोडी छातीशी घट्ट धरून बसलो.

एक.

मग काहीच नाही.

वेंडेलनी ओळ वाजवली. इतकं सुंदर मी आयुष्यात ऐकलेलं नाही. शेवटच्या सुराला त्यांची करंगळी मिटली, ती आजतागायत उघडलेली नाही.

"साफ आलंय," मार्गो हळूच म्हणाली. "खालचा एकही ठोका नाही यात."

आम्ही सगळ्यांनी ते ऐकले होते.

मग मी ठोकलं. पाच. पुन्हा पाच. बोटं सोलली तरी ठोकत राहिलो. उत्तर नाही.

सहा वाजता हॉलची वेळ संपली. आम्ही सामान बांधलं आणि निघालो. हो, निघालो. दारातून वळून पाहिलं, तर व्हर्लीबाई कालवणाच्या चमच्याने पाइपवर ठोकत होत्या आणि कान लावून बसल्या होत्या.

रेकॉर्ड आली. तिचं कौतुकही झालं. एका समीक्षकाने तर लिहिलं, ती शांतता फार बोलकी आहे. मी तो कागद फाडला.

दर गुरुवारी मी व्हर्लीबाईंना फोन करतो.

"आलं का?"

"थांब," म्हणतात, आणि फोन पाइपला लावतात. एक मिनिट आम्ही दोघं ऐकतो. काही येत नाही.

गेल्या गुरुवारी मिनिट संपायच्या आत त्यांनी विचारलं, "तू ठोकतोयस का तिकडे?"

माझ्या एका हातात फोन होता, दुसरा खिशात. मी दोन राज्यं पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहतो.

"नाही."

"तुझ्याकडून येतंय," त्या म्हणाल्या.

मी फोन खाली केला. तेव्हा मलाही ऐकू आलं. पायाखालून... फार हळू... पाच.

या वेळी कोणाला विचारलं नाही. गुडघ्यावर बसलो आणि मुठीने फरशीवर पाच ठोके मारले.

आज रविवार. खालच्या मजल्यावरचे दोनदा भांडून गेले.

मी अजून फरशीला कान लावूनच आहे.