सालोमीचा अर्धा डाव

यातलं काहीही रचलेलं नाही. ज्याला शंका असेल त्याने नंदाखाल गावात येऊन ते घर बाहेरून बघावं. आत कुणी नेणार नाही.

साल २००७. मे महिन्यातली भर दुपार.

इग्नेशियस ओट्यावर आरामखुर्चीत पडला होता. आत त्याची बायको सालोमी कॉम्प्युटरवर पत्ते खेळत होती. शाळेतून रिटायर झाल्यापासून जेवण झालं की तिचा एक डाव ठरलेला.

खुर्ची सरकली. ती स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली, तिने खिळ्यावरची घराची किल्ली काढली आणि ओट्यावर येऊन चपला घातल्या.

"आगाशीला जाऊन येते. टेलरने ब्लाऊज शिवून ठेवलाय."

"एवढ्या उन्हात?"

"तुम्ही झोपा. आणि माझा डाव बंद करू नका हां. आल्यावर पुरा करते. मागच्या वेळी उपकार केल्यासारखी मशीनच बंद करून ठेवलीत."

"बरं बाई, नाही करत."

ती पायऱ्या उतरली. फाटकाची कडी वाजली.

तासाभराने तीच कडी पुन्हा वाजली. इग्नेशियसला वाटलं, आली.

फाटकात शेजारचा युजीन उभा होता. त्याला धड बोलता येत नव्हतं. "काका, आगाशी रस्त्यावर... डंपर..." एवढंच तो म्हणाला आणि फाटकाला धरून खाली बसला.

शवपेटी उघडली नाही. युजीनने तिला रस्त्यावर बघितलं होतं. तोच म्हणाला, "काका, नको. तुम्ही नका बघू."

तिची एक चप्पल मिळाली. दुसरी मिळालीच नाही.

दफन आटोपून माणसं घरी आली. गर्दीत इग्नेशियसचा हात टेबलावरच्या माऊसला लागला. काळा स्क्रीन उजळला.

तिचा डाव तसाच मांडलेला होता.

त्याने तो बंद केला नाही. लोडशेडिंगमध्ये जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर बसवून घेतला. अधूनमधून कोपऱ्यात चौकट यायची. अपडेट आलंय, मशीन रिस्टार्ट करा. तो 'नंतर' दाबायचा. रिस्टार्ट केलं की डाव पुसला जाणार, एवढं त्याला कळत होतं.

ती जाऊन महिना झाला, चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थनेची मिस्सा झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉम्प्युटर अडकला.

माऊस हलेना. कोपऱ्यातलं घड्याळ थांबलं. आतला छोटा पंखा घरघरायला लागला.

आणि बाहेरचं सगळं गप्प झालं. शेजारच्या केळीच्या वाडीतला पंप गप्प. कावळे गप्प.

मग... फाटकाची कडी वाजली.

इग्नेशियस ओट्यावर धावला. फाटकात कुणी नव्हतं. कडी मात्र निघालेली.

घड्याळ पुन्हा चालू झालं तसा पंपही ऐकू यायला लागला.

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी त्याला बरं वाटलं. तो स्वतःशी म्हणालासुद्धा, "उशीर केलास गं."

दुसऱ्या दुपारी मशीन पुन्हा अडकलं. पुन्हा पंप बंद.

ओट्याच्या पायऱ्यांवर आवाज आला.

एक पाऊल... आणि एक फरपट.

एक पाऊल... आणि एक फरपट.

मग चप्पल काढून टाकल्याचा आवाज. इग्नेशियस दुसऱ्या चपलेची वाट बघत बसला.

दुसरा आवाज आला नाही.

तेव्हा त्याला पहिल्यांदा भीती वाटली. घरातून गेली ती सालोमी येत होती, की पेटीत होती ती?

तिसऱ्या दुपारी दाराच्या आत, खिळ्यावर किल्ली अडकवल्याचा आवाज आला.

आता ती घरात होती.

त्याने जॉयसला फोन केला. जॉयस सालोमीच्या बहिणीची मुलगी. माणिकपूरला कॉम्प्युटरचे क्लास चालवायची. त्याने फक्त मशीन अडकतं एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जॉयस आली. "काका, तुम्ही काहीतरी भलतंच दाबलं असणार."

"मी 'नंतर' सोडून काही दाबत नाही गं."

"तेच तर! किती 'नंतर' साठवून ठेवलीत? पतपेढी आहे का ही?" ती हसली. मग स्क्रीनवरचा डाव बघून तिचं हसू गेलं. "मावशीचा आहे?"

"हो. तो जाता कामा नये."

"नाही जाणार. हे मशीन रोज दुपारी आपणहून अपडेट शोधायला बसतं. सगळा जोर तिकडेच लागतो, म्हणून बाकीचं अडकतं. ते शोधणंच मी बंद करते. रिस्टार्टची गरज नाही."

बोलता बोलता माऊस थांबला.

"बघा, अडकलं. हेच ते." तिने तीन बटणं एकदम दाबली. "आता चालू कामांची यादी उघडेपर्यंत बसा. वेळ लागतो."

पंप बंद झाला.

इग्नेशियसने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

स्वयंपाकघरात माठावरचं झाकण सरकलं... मग पेल्यात पाणी पडायला लागलं.

जॉयसने मान वर केली. "काका, आत कोण आहे?"

त्याची नजर स्वयंपाकघराच्या दारावर होती.

"काका, कोण आहे आत?"

तेवढ्यात स्क्रीनवर यादी उघडली. जॉयसने अपडेट थांबवलं.

घड्याळ सुरू झालं. पंप सुरू झाला. पाण्याचा आवाज मात्र पेला भरून थांबला नाही, मध्येच तुटला.

दोघं स्वयंपाकघरात गेली. माठ उघडा होता. स्वयंपाकाच्या ओट्यावर पेला, अर्धा भरलेला.

खाली फरशीवर मातीचे ठसे. एकाच पायाचे, आणि बाजूला ओढल्यासारखी रेघ. ठसे दारातून माठापर्यंत आले होते.

परत गेलेले नव्हते.

जॉयस पर्स तिथेच टाकून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "काका, ते अपडेट परत सुरू करू नका. मशीन सरळ रिस्टार्ट करून टाका. सगळं जाईल."

"सगळं म्हणजे काय काय गं?"

तिने फोन ठेवला.

तेव्हापासून कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही. पण इग्नेशियस पेला मोरीत ओतून पाठ फिरवतो, पुन्हा वळतो...

पेला अर्धा भरलेला असतो.

त्याने घरावर आशीर्वाद मागायला फादरना बोलावलं. ते चर्चमध्ये नवीन आले होते, सालोमीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पवित्र पाणी शिंपडत ते एकेका खोलीतून गेले. स्वयंपाकघराच्या दारात थांबून सहज म्हणाले, "त्यांनाही बोलवा की प्रार्थनेला. पाठ करून का उभ्या राहिल्यात त्या?"

इग्नेशियसने त्या दिशेला मान वळवली नाही.

याला आता दोन वर्षं झाली. तो युजीनकडे जेवतो आणि बाहेरच्या ओट्यावर झोपतो. दिवसातून एकदा आत जाऊन स्क्रीनसमोर उभा राहतो. अपडेट पुन्हा सुरू केलं की मशीन अडकेल आणि ती माठापासून निघून खुर्चीत येऊन बसेल. मग त्याला तिच्याकडे बघावं लागेल. रिस्टार्ट केलं तर ती कदाचित जाईल, आणि तिचा डावही जाईल.

त्याने अजून दोन्हींपैकी काहीच केलेलं नाही.