तृप्तीची चाचणी

बीजवैविध्य प्रयोगशाळेत भेदमापकाचा हिरवा दिवा लागला. शेवंता तौर यांचं ज्वारीचं बियाणं विक्रीला पास झालं होतं. तरी त्या खूश दिसेनात.

"म्याडम, औंदा कणसावर पाखरंच उतरली नाहीत. अन् चार भाकरी खाल्ल्या तरी पोट भरंना."

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. मृण्मयी तळवलकर चमकल्या. एका बुरशीने एकाच वाणाची सगळी ज्वारी झोपवली, तेव्हापासून कायदा होता : ज्याचे दाणे एकमेकांहून वेगळे, तेच बियाणं विकायचं. रंग, आकार, उगवण यांतला फरक भेदमापक मोजायचा. शेवंताबाईंचे दाणे तर पांढरे, पिवळे, तांबूस, टपोरे, चपटे, अगदी कायद्याला हवे तसे.

मृण्मयींनी नमुना जनुकशास्त्रज्ञ डॉ. अन्वर इनामदारांकडे पाठवला. आठवड्याने ते स्वतःच आले.

"ताई, हे सगळे दाणे एकाच वनस्पतीचे आहेत. जनुकं तीच, फक्त दर दाण्यात वेगळी चालू, वेगळी बंद. आणि ही ज्वारी नाहीच. तण आहे."

"तण? ते इथवर आलं कसं?"

"भातात निंदताना वेगळं दिसणारं रोप उपटतात. भातासारखं दिसणारं तण तेवढं वाचतं. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं की तण हुबेहूब भात दिसू लागतं. त्यात त्याचा कावा नसतो, निंदणाऱ्याची नजरच त्याला घडवते. इथे नजर तुमच्या यंत्राची होती. फरक दाखवणारं पास, बाकीचं गिरणीत. खरी ज्वारी या सोंगापुढे हरत गेली."

राज्यभरातले नमुने तपासले. सगळीकडे तेच निघालं.

बियाणे मंडळाच्या बैठकीत इनामदारांनीच मार्ग सुचवला. "राय हे धान्यही मुळात गव्हातलं तण होतं. माणसाने निवडून निवडून त्याचं अन्न केलं. यालाही करू. यंत्र फसलं, पोट कसं फसेल? ज्याची भाकरी खाऊन माणूस तृप्त होईल, तेच बियाणं विकू द्या."

नियम बदलला. काही हंगामांतच भाकरी गोड लागू लागली. अर्धीतच पोट भरू लागलं. धान्याची टंचाई संपली.

एका दुपारी चाचणीच्या पंगतीत भाकरी खाता खाता मृण्मयींना शेवंताबाई दिसल्या. आधी ओळखूच आल्या नाहीत. गळ्याची हाडं वर आली होती.

"बरं नाही का हो?"

"झ्याक हाय की! चतकोर भाकरीत पोट भरतंय."

मृण्मयींनी पंगतीवरून नजर फिरवली. सगळ्यांची गालफडं बसलेली, सगळ्यांचे चेहरे समाधानी. मृण्मयींच्या लक्षात आलं : आपण फक्त तृप्ती तपासली. तण तेवढंच शिकलं.

त्या इनामदारांकडे धावल्या. "सर, विक्री थांबवा! यात सत्त्व नाही. हे नुसती भूक मारतंय. लोक उपाशी मरतायत."

इनामदारांनी शांतपणे हात वर केला. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरलं. "खरं असेल. पण ताई, कुणीही मागत नसलेलं अन्न आपण कुणाला वाटणार?"

मृण्मयी आपल्या खोलीत आल्या. घरचा डबा उघडला. डाळ होती, अंडं होतं. आपण खाल्लंच पाहिजे, हे त्यांना पुरतं कळत होतं. घास त्यांनी ओठांपर्यंत नेला.

पण तो आत जाईना. पोट खरोखरच भरलेलं होतं.