मागे कोणी नाही

पौषातल्या एका रविवारी गोंदियाचे पहाटफेरी मंडळ आपल्या वार्षिक पदभ्रमणास निघाले, तेव्हा सुशिलाबाईंनी डबा दोघांपुरता भरून घेतला होता. शेजारी बसलेल्या प्रेमिलाच्या ते ध्यानात आले.

वाट दरवर्षीचीच. सालेकशाच्या पुढे, जंगलाच्या कडेला, एक जुना तलाव आहे. त्याच्या मातीच्या पाळीवर गाडी उभी करायची, धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमधून आणि मोहाच्या झाडांखालून तलावाला पुरता वळसा घालायचा, आणि उन्हे कलताना पुन्हा गाडीपाशी यायचे. मंडळात बहुतेक सेवानिवृत्त माणसे. कुणाला मधुमेह, कुणाचा गुडघा धरलेला. म्हणून शिस्त कडक होती, आणि ती लीलाधरजींनी, म्हणजे सुशिलाबाईंच्या यजमानांनी, घालून दिलेली होती. सर्वांच्या पुढे ताराचंदजी शिटी घेऊन चालत. सर्वांच्या शेवटी चाले तो पाठराखा. वळणावर शिटी वाजली की पाठराख्याने दगडावर काठी दोनदा आपटायची, म्हणजे मी आहे, सर्व ठीक आहे. आणि फेरी संपल्यावर गाडीपाशी उभे राहून, पुरते मागे वळून, वाट डोळ्यांखाली घालून मोठ्याने म्हणायचे, "मागे कोणी नाही." ते शब्द कानी पडल्यावाचून गाडी हलत नसे.

पाठराखा नेहमी लीलाधरजीच असत. उजवा पाय किंचित ओढत, बुडाशी लोखंड बसवलेली काठी टेकत ते सावकाश येत.

गेल्या वर्षी ते शब्द उच्चारायला कोणी आलेच नाही. पाठराख्याच्या मागे पाहणारा कोणी नसतो, हे त्या दिवशी सर्वांना उमगले. लीलाधरजी एका मोहाखाली बसलेले सापडले, वाटेकडे तोंड करून, जणू मागून कुणाचे यायचे राहिले होते. हृदय बंद पडले, असे डॉक्टरांनी सांगितले. काठी मात्र कितीही शोधली तरी मिळाली नाही.

"यंदा पाठराखण मी करीन," गाडीतून उतरताच सुशिलाबाई म्हणाल्या.

"कायले वहिनी?" ताराचंदजी चाचरले. "प्रेमिलाताई राहतीन ना मागं."

"प्रेमिलाला बोलण्यापुढे वाट दिसत नाही."

"घ्या! आन् तुम्ही कोणत्या मुक्या आहा?" प्रेमिला फणकारली, आणि डोळ्यांना पदर लावून पुढे चालू लागली.

सुशिलाबाईंच्या मनात काय होते ते त्यांनी कुणालाही सांगितले नव्हते. दिवस झाले, वर्षश्राद्ध झाले. तरी घरात लीलाधरजींची एवढीशीही चाहूल त्यांना कधी लागली नाही. माणूस गेला तर निदान उंबऱ्यापाशी तरी घुटमळतो म्हणतात. हे घुटमळलेही नाहीत. म्हणजे ते अजून तिथेच बसलेले असणार, आपले कर्तव्य सोडून न उठता. त्यांना यंदा घरी न्यायचे होते. एवढ्यासाठीच त्या आल्या होत्या.

दुपार टळली तेव्हा तो मोह आला. रांग पुढे गेली. सुशिलाबाई थांबल्या, पळसाच्या पानावर डब्यातला दुसरा वाटा वाढून त्यांनी तो मुळाशी ठेवला.

"चला आता," त्या हळूच म्हणाल्या. "किती बसायचे ते?"

पानही हलले नाही. दूरवर रुळांवरून मालगाडी धडधडत गेली आणि तिच्यामागोमाग पाखरेही गप्प झाली. बराच वेळ उभ्या राहून त्या निघाल्या. पुढच्या वळणावरून ताराचंदजींची शिटी आली. सुशिलाबाईंनी हातातली बांबूची काठी उचलली... आणि ती दगडाला टेकण्यापूर्वीच त्यांच्या मागे आवाज झाला.

टण्... टण्.

लोखंडाचा. दगडावर.

"आहेत, आहेत! सुशिलाताई आहेत मागं!" पुढून प्रेमिलाने ओरडून सांगितले.

सुशिलाबाईंनी मागे पाहिले नाही. पाहिले आणि तिथे कोणी नसले, तर? तो विचारही त्यांना सोसवेना.

"तुम्हीच ना... हो?"

टण्, टण्.

मग त्या चालू लागल्या, आणि मागची पावलेही चालू लागली. वाटेवर सागाची वाळलेली पाने पडली होती. त्यांवरून एकेक पाऊल सरळ, भरीव, सारखे पडत होते. पाय ओढल्याची खरखर कुठेच नव्हती. एवढी वर्षे रात्र रात्र ज्या गुडघ्याला तेल चोळले, तो गुडघा तिकडे गेल्यावर बरा झाला असेल, असे सुशिलाबाईंना वाटले, आणि त्या बऱ्या झालेल्या गुडघ्यासाठी त्या चालता चालता रडल्या.

"दुखत नाही ना आता?"

टण्, टण्.

त्यांनी वर्षभराचे सारे सांगितले. नात गुंजन कॉलेजात जाऊ लागली. तुमचा स्वेटर कुणाला दिला नाही. सकाळी चहाचे आधण अजून दोघांचेच ठेवते, चुकून... मागून तलावातल्या कुजक्या शेवाळाचा वास येत होता. सांजावताना पाणी असा वास सोडतेच, असे त्यांनी स्वतःला सांगितले. उन्हे पाठीवर आली होती. तेव्हा पुढे पडलेल्या सावल्यांकडेही त्यांनी पाहायचे टाळले.

गाडीपाशी सर्वजण ताटकळत उभे होते. चालक दुधराम दार धरून होता.

"म्हणा जी बाई. मंग काढतो गाडी."

ताराचंदजींनी डोक्यावरची टोपी काढली. सुशिलाबाई तशाच उभ्या राहिल्या. मागची पावलेही थांबली होती, अगदी पाठीशी.

"सगळे आले," त्या म्हणाल्या.

"वहिनी, वळून पाहा," ताराचंदजी हलकेच म्हणाले. "त्यांचाच नियम आहे ना तो."

"सगळे आले म्हणते ना मी!"

त्या मागच्या बाकावर आत सरकून बसल्या आणि दाराशेजारची जागा त्यांनी मोकळी ठेवली. गाडी जराशी कलली. ती जागा हळूहळू दबली. ओला गारवा त्यांच्या दंडाला लागला, तरी त्यांनी दंड मागे घेतला नाही. समोर पाहत त्या पुटपुटल्या, "चला... घरी."

गाडी पाळीवरून वळली आणि खिडकीतून तलावाचा पलीकडचा काठ दिसू लागला. पाण्यावर मावळतीचा तांबूस उजेड होता. मोहाखालून एक माणूस उठून वाटेवर आला होता. गळ्यात तपकिरी मफलर होता, सुशिलाबाईंनीच विणलेला. तो उजवा पाय ओढत होता. हातात काठी नव्हती. आधारासाठी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर हात टेकत होता. पळसाचे पान त्याने छातीशी धरले होते.

त्याने गाडी पाहिली. हात उंचावला. दुखऱ्या पायाने तो धावू लागला.

सुशिलाबाईंनी तोंड उघडले. "थांब..." एवढाच शब्द घशात आला, आणि शेजारी, अगदी त्यांच्या पायापाशी, गाडीच्या पत्र्यावर लोखंड वाजले.

टण्, टण्.

"हो जी, जाऊनच रायलो," दुधराम म्हणाला, आणि त्याने गाडीचा वेग वाढवला.

पलीकडे लीलाधरजी धावायचे थांबले. एका झाडाला धरून ते क्षणभर उभे राहिले. मग, नियमाप्रमाणे, पुरते मागे वळून त्यांनी रिकामी वाट नीट न्याहाळली.