पाण्यात विरघळलेलं

घाटकोपरच्या चाळीतली विहीर उपसली, गाळ काढला, हाती काही लागलं नाही. "बायको पळाली," असं सहदेव सांगत सुटला आणि पोलिसांनी तेच मान्य केलं. पळालेली बाई शोधावी लागत नाही. शेजारच्या पद्मजाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षांच्या लेकीला, प्रेमाला टाकून पळणारी बाई शेवंती नव्हतीच.

पद्मजा विक्रोळीच्या एका कारखान्यात पाणी तपासायची. तिने विहिरीचं पाणी कॅनमधून आणलं, गाळलं, त्यात आम्ल घातलं आणि रेझिन भरलेल्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडलं. पाण्यात विरघळलेला पालापाचोळा, कुजलंबिजलं जे असेल ते रेझिनला चिकटतं. मग कॉस्टिक सोड्याने धुतलं की तपकिरी होऊन खाली उतरतं. कॅनभर पाण्यातून चिमूटभर निघालं तरी पुष्कळ.

इथे तपकिरी धार थांबेना. एक पात्र भरलं, दुसरं भरलं.

"रेझिन बिघडलं असेल," शेजारच्या टेबलावरचा श्यामकांत म्हणाला. "उगाच डोकं तापवू नकोस."

"आधी शुद्ध पाणी सोडून बघितलंय. काचेसारखं उतरलं. सगळ्यांना माझंच डोकं दिसतं."

श्यामकांतने पात्र हुंगलं आणि मागे सरकला.

"मिश्रीचा वास येतोय गं."

शेवंती रोज मिश्री लावायची. श्यामकांतने तिला कधी पाहिलंही नव्हतं.

पद्मजाने अर्क आटवला. उरलेली भुकटी ओल शोषणारे खडे घातलेल्या जाड काचेच्या भांड्यात ठेवून झाकण घट्ट बसवलं. थोड्या वेळाने काचेवर वाफ धरली. तिने फडक्याने पुसली. वाफ आतून होती.

ती विरली. पुन्हा धरली. पुन्हा विरली.

पद्मजाला भीती वाटली, पण राग तिच्यापेक्षा मोठा होता. दिवेलागणीला तिने ते भांडं सहदेवच्या खोलीत नेऊन त्याच्यापुढे ठेवलं.

"विहिरीतून निघालंय. आता बोल, कुठे पळाली?"

"कितीदा सांगू तुका? पळान गेली ती."

काच आतून पांढरीफटक झाली. सहदेव भिंतीला टेकला.

प्रेमा कोपऱ्यातून उठून आली. तिने भांड्याला कान लावला, बराच वेळ ऐकलं.

"होय गो आये," ती म्हणाली.

मग पद्मजाचा हात धरून तिने तिला गॅलरीत आणून सोडलं.

"मावशे, तू घराक जा."

दार लागलं. आत पाट ओढल्याचा आवाज झाला, आणि वरची कडी चढली.