मागची लाट

डेन्मार्कमधल्या मार्स्टल बंदरातल्या म्हाताऱ्या खलाशांना दोनच उद्योग: कॉफी पिणं आणि गलबतांच्या प्रतिकृती करणं. त्यात एक रीत होती. घरी परतलेलं गलबत हवं तेवढ्या वादळात बसवा, पण जे अजून बाहेर आहे ते शांत पाण्यातच. रास्मुसनं ती चाळीस वर्षं पाळली होती. सध्या तो सुनेसाठी ‘हॉबेट’ या गलबताची प्रतिकृती करत होता. खारवलेले मासे घेऊन खरं ‘हॉबेट’ न्यूफाउंडलंडहून घरी यायला निघालं होतं. प्रतिकृतीच्या डेकवर चौघं खलाशी, आणि सुकाणूवर नखाएवढा लॉरिट्स, त्याचा एकुलता मुलगा.

शेजारचा मॅस बघायला आला आणि खो खो हसला. "हा समुद्र म्हणायचा की लोण्याची थाळी? संपलास रे तू!"

रास्मुसच्या ते जिव्हारी लागलं. मॅसची पाठ वळताच त्यानं पुट्टी मळली आणि गलबताच्या मागे, चांगली वीतभर दूर, एक उंच लाट उभी केली. झकास जमली. दोन दिवसांत वाळून दगड झाली.

तिसऱ्या सकाळी ती बोटभर पुढे आलेली होती. त्यानं पट्टीनं मोजलं. चौथ्या सकाळी पुन्हा मोजलं आणि पट्टी खणात टाकून दिली.

तो पटाशी घेऊन लाट तासायला बसला. पहिला टवका उडाला आणि गलबताची मागची फळी तडकली. त्यानं पटाशी खाली ठेवली. आता एवढंच उरलं होतं: वादळात करतात तसं चिमट्यानं एकेक शीड गुंडाळायचं. "धरून राहा, बाळा," तो पुटपुटत होता. मॅसच्या एका टोमण्यापायी आपण हे काय करून बसलो, या विचारानं तो जेवणाचं ताटही बाजूला सारत होता.

"मामंजी, जेवत का नाही? काही कळलंय का तुम्हाला?" डोर्थेनं विचारलं.

"काही नाही गं. तू जा."

लाट सुकाणूपासून दोन बोटांवर आली.

मग एका.

रविवारी सकाळी लाट नव्हतीच. पुट्टी सपाट होती आणि ती तडकलेली फळी सोडली तर गलबत शाबूत.

डोर्थे काळा पाव घेऊन आत आली आणि खुलली. "अगबाई, समुद्र शांत केलात! आता कसं बरं वाटतंय. पण मामंजी, सुकाणूचं चाक दोरीनं बांधलंत कशाला?"

रास्मुसनं ते बांधलं नव्हतं.

चाकापाशी कुणी नव्हतं. चौघं खलाशी मागच्या पाण्याकडे तोंड करून उभे होते, आणि चौघांनीही टोप्या काढून हातात धरल्या होत्या.