मोहावर टांगलेला मोबाईल

ही गोष्ट खरी आहे. माझ्या जावेची आहे, आणि तिला विचारूनच लिहिते आहे.

यात अमावास्या नाही, स्मशान नाही. रात्रसुद्धा नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. तलासरीच्या पुढे, उधव्याकडच्या डोंगरात एक पाडा आहे. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे माणसं राहतात अजून.

साल २०१७. पावसाळा सरला होता, भाताची कापणी सुरू होती.

माझी जाऊ प्रगती तेव्हा डहाणूतल्या एका संस्थेत कामाला होती. कुपोषित मुलांचं काम. पाड्यापाड्यांवरच्या कार्यकर्त्या मुलांची वजनं घ्यायच्या आणि संस्थेने दिलेल्या मोबाईलमध्ये भरायच्या. एखाद्या मुलाचं वजन घसरलेलं दिसलं की डॉक्टर त्या कार्यकर्तीला मेल करायचे. या मुलाला गाडीने पाठवा. फोन लागायचेच नाहीत, म्हणून मेल. रेंज जरा चाटून गेली तरी मेल शिरतो.

पण शिरायचा उशिरा.

सकाळचा मेल संध्याकाळी वाजायचा. कधी दुसऱ्या दिवशी. गाडी जायची आणि रिकामी परत यायची.

ऑफिसात कॉम्प्युटर शिकलेली प्रगती एकटीच. झालं, सगळ्या मोबाईलची दुखणी तिच्या गळ्यात पडली. घरी आठ महिन्यांची ओवी. रात्रभर ती जागवायची, आणि सकाळी केस कसेबसे बांधून प्रगती गाडीत बसायची. "बॅटरी सेव्हर बंद करा, ताई. खाली, सेटिंगमध्ये. अहो, ते विमानाचं चित्र दाबू नका!" हे वाक्य ती झोपेतही बोलायची. मी भिंतीपलीकडून ऐकलंय.

सगळ्याजणींची तक्रार एकच. मेल उशिरा येतो.

एक सोडून. नवशी.

नवशीच्या पाड्यावरून गाडी कधी रिकामी आली नव्हती. मूल घेऊन ती रस्त्यावर उभीच असायची. प्रगतीला वाटलं, हिच्या मोबाईलमध्ये काहीतरी बरोबर लागलंय. ते बघून यावं आणि सगळ्यांना तसंच लावून द्यावं, म्हणजे सुटलो एकदाचे.

"मॅडम, आज कुठल्या पेशंटचं ऑपरेशन?" ड्रायव्हर दिपकने विचारलं. घोलवडचा पोरगा, तोंडाला टाळं नाही.

"नवशीच्या मोबाईलचं. तो धडधाकट आहे, म्हणून बघायचाय."

"धडधाकट पेशंट बघायला एवढा डोंगर चढायचा?"

"तू गाडी चालव. मला जरा डोळा लागू दे."

नवशी शेतात होती. विळा खाली न ठेवताच हसली.

"मोबाईल कुठाय गं?"

"तो तिकडं कामावर, मी इकडं कामावर."

बांधाच्या वर मोहाचं मोठं झाड होतं. फांदीला दुधाची रिकामी पिशवी टांगलेली, आणि पिशवीत संस्थेचा मोबाईल. सगळ्या पाड्यात रेंज यायची ती तेवढ्या फांदीवर.

प्रगतीने पिशवी उतरवली. मोबाईल उघडला. आणि बघतच राहिली.

बॅटरी सेव्हर चालू. मेलला मागून डेटा वापरायची परवानगी नाही. आपण होऊन मेल आणायचं बंद. चुकायचं म्हणून जेवढं असतं तेवढं सगळं चुकलेलं.

"नवशे, यावर मेल वेळेवर येऊच शकत नाही."

"येतच नाय, ताई."

"मग तुला कळतं कसं?"

नवशी पेंढी बांधत होती. वर न बघता म्हणाली, "रखमी आये हाक मारते ना. बसलेली असते झाडाखाली."

प्रगतीने झाडाकडे पाहिलं.

झाडाखाली कोणी नव्हतं.

सगळीकडे गुडघाभर गवत. फक्त बुंध्यापाशी बसायच्या जागेएवढी माती उघडी. गुळगुळीत. रोज कोणीतरी टेकत असावं तशी.

"आत्ता तर कोणी नाही तिथे."

"असंल," नवशी म्हणाली.

वाद घालायचंही त्राण प्रगतीत नव्हतं. ती बांधावर बसली आणि एकेक सेटिंग बघू लागली.

मग शेतातल्या विळ्यांचा आवाज थांबला...

सगळे एकदम. पाखरंसुद्धा.

आणि मोहाखालून हाक आली.

"नवशे गं... मोबाईल वाजला..."

म्हाताऱ्या बाईचा आवाज. दमलेला. ओरडून ओरडून बसलेला.

मोबाईल प्रगतीच्या हातात होता. वाजला नव्हता. साधा हललाही नव्हता.

नवशीने विळा टाकला. "कोणाचा गं, आये?"

"भिकाच्या पोरीचा..."

नवशी पळाली. बांधावरून सरळ भिकाच्या झोपडीकडे. शेतातल्या बाया पुन्हा कापायला वाकल्या. जणू काही झालंच नाही.

खालून दिपक ओरडला, "मॅडम, ती म्हातारी काय म्हणते? गाडी वळवू का?"

म्हणजे त्यानेही ऐकलं होतं.

भिकाची बायको पोरीला घेऊन मागे बसली. पोर रडत नव्हती. रडायची ताकदच नव्हती तिच्यात. नवशी शेजारी बसली. गाडी टेकडीवर चढली, रेंज आली. प्रगतीने मेल उघडला, आणि तिच्या मांडीवर नवशीचा मोबाईल थरथरला...

मेल होता. भिकाच्या मुलीला आजच पाठवा, थांबू नका.

नंतर प्रगतीने डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, जेवून उठलो, यादी बघितली आणि पाठवला. म्हणजे हाक आली, साधारण तेव्हाच.

मुलगी वाचली. संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर चहा घेताना प्रगतीने विचारलं, "नवशे, रखमी आये कोण?"

"माझ्या शेजारची. पोरगा-सून गेल्या साली वसईकडं वीटभट्टीवर गेलेली. नातू हिच्याजवळ, हाल्या. वजन घेतलं तवा मीच बोलली, आये, डॉक्टरचा मेल येल, मग गाडी येल. मेल आला का मी सांगीन." नवशीने कप खाली ठेवला. "मी कामाला. ती पोराला मांडीवर घेऊन झाडाखाली बसली. बसूनच राहिली. मी आली तर बोलते, वाजलाच नाय गं... मी बसलेलीच हाय, वाजलाच नाय."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी वाजला."

तोवर हाल्या गेला होता.

"होळीच्या आत आये पण गेली."

"पण मग आज हाक..."

"मारते," नवशी म्हणाली. "आमी कोन घाबरत नाय तिला. ती लेकरांचंच सांगते."

परत देण्याआधी प्रगतीने तो मोबाईल नीट केला. भीतीबिती नंतरची, आधी हाताची सवय. बॅटरी सेव्हर बंद, परवानगी चालू, मेल आपोआप. मग तसंच सगळ्यांचं केलं. पाड्यापाड्यांवर फिरली, घरी येऊन न जेवता झोपली. पण मेल वेळेवर यायला लागले. गाड्या भरून येऊ लागल्या. ऑफिसात पेढे वाटले.

संक्रांतीच्या सुमाराला नवशी डहाणूला मीटिंगला आली. जाता जाता दारात थांबली.

"ताई, मेल आता टायमावर येतो."

"मग बरं झालं की."

"हां... पण आये हाक मारत नाय आता. झाडाखाली गवत वाढलं." जराशी घुटमळली. "गेली कुठं, कळत नाय."

हे प्रगतीने मला हसत सांगितलं. हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं.

आता यापुढचं मी स्वतः ऐकलेलं.

दुपार होती. आमचं घर डहाणूतल्या मल्याणला, मागे चिकूचं झाड. आतल्या खोलीत दोन झोळ्या. एकीत प्रगतीची ओवी, दुसरीत माझा आरुष. दोघंही नुकतीच झोपलेली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात वालाच्या शेंगा सोलत होतो. सासूबाई देवळात गेल्या होत्या.

रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज थांबला...

शेजारचा रेडिओ थांबला.

आणि मागच्या दारातून, चिकूखालून...

"परगती बाय... मोबाईल वाजला..."

प्रगतीच्या हातातली शेंग खाली पडली. तिचा संस्थेचा मोबाईल फडताळावर होता. काळा. गप्प.

नवशीने विचारलं होतं तसं विचारायला हवं होतं. कोणाचा गं, आये? एवढे तीनच शब्द.

प्रगतीचं तोंड उघडेना.

माझंही उघडलं नाही.

विचारलं असतं तर तिने नाव सांगितलं असतं. तेच तर नको होतं.

रिक्षा पुन्हा वाजायला लागल्या. आम्ही आत धावलो. दोघं शांत झोपलेली. तरी तशीच उचलून डॉक्टरांकडे नेली. वजनं केली, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही पोरं ठणठणीत आहेत, तुम्ही दोघीच जरा झोप घ्या.

प्रगतीने मोबाईल शंभरदा तपासला. बॅटरी सेव्हर बंद. परवानगी चालू. रेंज पूर्ण.

मेल नव्हता.

आता २०१९ चाललंय. संस्थेचं ते काम संपलं, सगळ्यांनी मोबाईल परत केले. प्रगतीने आपला मागून घेतला. साहेबांना वाटलं, आठवण म्हणून. तो फडताळावर असतो, कायम चार्जिंगला. घराबाहेर जायचं तर आमच्यातली एक मागे राहते. आम्ही त्यावर कधी बोलत नाही, पण तसंच होतं.

नवशी म्हणते, रखमी आयेची हाक कधी खोटी ठरली नाही. उशीर व्हायचा तो मेललाच.

ओवी आणि आरुष आत्ता मागच्या अंगणात खेळताहेत. चिकूखाली बसायच्या जागेएवढं गवत उगवत नाही, तिथेच त्यांनी भातुकली मांडलीय.

हे लिहिताना मी दोनदा उठून बघून आले.

मुलांना.

आणि मोबाईलला.