अण्णांची वाटी

अण्णांचा शेवटचा दिवस इतर दिवसांसारखाच होता. मंगळावरच्या आमच्या घुमटात (हवा कोंडून ठेवणाऱ्या पारदर्शक छताखाली) ते नाचणीच्या रोपांसाठी खतपाणी तयार करत होते. पोचा आलेल्या पितळी वाटीने त्यांनी दोन वाट्या खताचा अर्क घेतला आणि नऊ वाट्या पाणी.

"अर्क जास्त झाला तर मुळं जळतील, कमी झाला तर रोपं उपाशी राहतील. लक्षात राहील ना? लहानपणी तीन-तीनदा सांगावं लागायचं तुला."

"टिक्कूला पाठ आहे, अण्णा," मी घाईत म्हणाले. टिक्कू म्हणजे आमचा यंत्रमानव.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उठले नाहीत.

त्यांच्या अस्थी पृथ्वीवर पाठवताना मी ती वाटीही सोबत दिली. मग आठ दिवस मी घुमटात पाऊल टाकलं नाही. नवव्या दिवशी माझी लेक शाल्मली मला ओढतच घेऊन गेली. अण्णांनी लावलेली रोपं पिवळी पडली होती.

"टिक्कू, खतपाणी कर," मी म्हणाले.

"वाटी उपलब्ध नाही."

"अरे ठोंब्या, पेल्याने मोज की!"

"पेल्याची नोंद नाही."

शाल्मलीचा चेहरा पडला. "आई, आजोबांची वाटी गेली म्हणजे त्यांचं प्रमाणही गेलं?"

मी स्टीलचा पेला उचलला. "नाही गेलं. अर्क आणि पाणी एकाच मापाने मोजायचं, मग ते माप कुठलंही चालतं. दोन वाट्यांना नऊ वाट्या, तसे दोन पेल्यांना नऊ पेले. या तुलनेला गुणोत्तर म्हणतात. आपलं गुणोत्तर २ : ९. आता सगळ्या वाफ्यांना सहा पेले अर्क लागेल. पाणी किती?"

"सोप्पं! दोनाचे सहा झाले, म्हणजे चार वाढले. नवातही चार मिळवायचे. तेरा!" तिने घागर उचललीसुद्धा.

"थांब. दोन पेल्यांना नऊ, तर एकाला किती?"

"साडेचार."

"आणि तुझे तेरा पेले अर्काच्या सहा पेल्यांत वाट."

"प्रत्येकाला दोन, आणि वर थोडंसं..." तिने घागर खाली ठेवली. "अगं बाई! निम्म्याहून कमी. मुळं जळली असती!"

"मग सहांना?"

"सहा गुणिले साडेचार... सत्तावीस! अर्क तिप्पट, तर पाणीही तिप्पट."

"बरोबर. २ : ९ आणि ६ : २७ ही गुणोत्तरं सारखीच आहेत. अशा चार संख्या प्रमाणात आहेत असं म्हणतात."

टिक्कूने मोजून सत्तावीस पेले ओतले. "पेल्याची नोंद झाली," तो म्हणाला.

त्यानंतर पाचव्या दिवशी मधल्या वाफ्यात एक नवं पान दिसलं, अगदी हिरवं.

"आई, पुढच्या वर्षी दुसरा घुमट होणार ना? तिथे शंभर पेले अर्क लागला तर?"

"साडेचार गुणिले शंभर. चारशे पन्नास पेले पाणी."

"नाही कळलं. परत सांग ना."

तिला कळलं होतं. ओठांत दाबून धरलेलं हसू मला स्वच्छ दिसत होतं. मला ते चांगलंच ओळखीचं होतं.

त्या हिरव्या पानाकडे बघत मी मोठ्याने म्हणाले, "अण्णा, मला पहिल्याच वेळी कळायचं. तुम्ही पुन्हा सांगावं म्हणून मी 'नाही कळलं' म्हणायचे."